चिलखताच्या आतला कापूस

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हणणार होते. इतिहास म्हटला की गड, तह आणि लढायांच्या सनावळ्या. आणि त्या तर आपल्यापैकी बहुतेकींनी परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी विसरून टाकलेल्या! पण मंडळाच्या कपाटात वरच्या फळीवर घडी घालून ठेवलेले एक चिलखत आहे. ते तिथे कसे आले हे नव्या सभासद भगिनींना ठाऊक नाही, आणि जुन्यांना ठाऊक आहे ते अर्धेच. त्या चिलखतामागे माझी एक चूक आहे आणि त्या चुकीमागे बराच मोठा इतिहास आहे. तोच आज सांगते.

२०१९ च्या एप्रिलात आपण चांदबिबीवरचे नाटक बसवले. सगळी पात्रे अर्थातच आपल्याच भगिनी. अहमदनगरचा तो प्रसंग आपल्याला माहीत आहे. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा शाहजादा मुराद ह्याने किल्ल्याला वेढा घातला. पुढे सुरुंग उडाला, तटाला खिंडार पडले, आणि आतली माणसे पळण्याच्या बेतात असता चांदबिबी स्वतः खिंडारावर येऊन उभी राहिली. त्याच काळातला इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की तिच्या अंगात चिलखत होते, तोंडावर बुरखा होता आणि हातात नंगी तलवार होती. दिवसभर झुंज झाली, आणि रात्रीतून तिने तट पुन्हा बांधून घेतला. आमच्या नाटकाचा कळस हाच.

वेषभूषेचे काम माझ्याकडे होते. भाड्याने मिळणारी चिलखते सारी पुरुषी मापाची; खांद्यावरून घसरणारी आणि छातीशी आवळणारी. म्हणून मी हौसेने घरीच करायचे ठरवले. गोडेतेलाचे रिकामे डबे आणून पत्रा कापून घेतला, ठोकून गोलाई दिली, बाह्यांना लोखंडी कड्या ओवल्या आणि वर रुपेरी रंग दिला. दिसायला असे झोकदार, की पाहणारी प्रत्येकजण हात लावून बघे. वजन भरले साडेपाच किलो. रंग वाळायला वेळ लागला, म्हणून तालमीत ते एकदाही घातले नाही. चूक म्हणतात ती ही.

प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या अंकात आमची चांदबिबी ते घालून उभी राहिली. वर दिव्यांचा उजेड, खाली एप्रिलचा उकाडा. तलवार उगारायला हात वर गेला तो खांद्याशीच अडला. खाली बसावे तर पत्र्याची कड पोटात रुते. अंक संपून ती आत आली तेव्हा घामाने निथळत होती आणि काखेत बोटभर कापले होते. पाणी पाजून, वारा घालून तिला सावरले. तिसऱ्या अंकात, म्हणजे ऐन खिंडाराच्या प्रसंगात, ती साध्या झग्यावर गेली. पुढच्या रांगेतले एक पोर मोठ्याने म्हणाले, "आई, चिलखत कुठे गेलं?" सारा मांडव हसला. ती मात्र हसली नाही. नंतर मला एवढेच म्हणाली, "काकू, तुमचं चिलखत मला तलवारीपासून वाचवील हो, पण चिलखतापासून मला कोण वाचवणार?"

पुढे कोणत्याही नाटकात ती उभी राहिली नाही. मी विषय काढला की "वेळ नाही" म्हणून टाळी. मला ते लागून राहिले. आणि त्या लागण्यातूनच मी वाचू लागले, की ज्यांना खरोखर लोखंड घालून दिवस काढावा लागे, ते तो कसा काढीत?

पहिला धक्का बसला तो वजनाचा. पंधराव्या शतकात युरोपातील सरदार डोक्यापासून पायापर्यंत जे लोखंडी चिलखत घालून लढत, त्याचे वजन साधारण वीस ते पंचवीस किलो भरे. म्हणजे माझ्या पत्र्याच्या सुमारे चौपट. आणि तरीही ती माणसे त्यात धावत, घोड्यावर चढत, पडली तर उठत. फ्रान्सचा सेनानी बूसिको ह्याच्या चरित्रात तर तो पुरे चिलखत घालून रिकिबीत पाय न ठेवता घोड्यावर उडी घेई असे वर्णन आहे. सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसवावे लागे ही समजूत निव्वळ दंतकथा आहे. मार्क ट्वेनने १८८९ साली आपल्या एका विनोदी कादंबरीत चिलखतात अडकलेल्या माणसाची फजिती रंगवली आहे. त्याला घाम येतो, खाज सुटते, आणि हातरुमाल काही हाती लागत नाही. वाचताना मला हसू आले, आणि लगेच आमची चांदबिबी आठवून ते थांबलेही.

मग एवढे वजन पेलत असे ते कशाच्या बळावर? उत्तर लोखंडात नाही, लोखंडाच्या आत आहे.

इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकातले एक हस्तलिखित आहे. सरदाराला लढाईसाठी चिलखत कसे चढवावे ह्याची रीत त्यात क्रमाने दिली आहे. आपल्याकडच्या एखाद्या सुगरणीने पाककृती लिहावी तशी ती बारकाईची आहे. आत सदरा नको, कारण त्याच्या चुण्या रुततात. जाड सुती कापडाची अंगाबरोबर बसणारी बंडी असावी. तिला साटिनचे अस्तर असावे आणि त्या अस्तराला भरपूर भोके पाडलेली असावीत. बंडीला काखेत आणि कोपराच्या लवणीत कड्यांच्या जाळीचे तुकडे शिवलेले असावेत, कारण तिथे पत्रा बसवला तर हात वळणार नाही. मेण लावलेल्या बळकट दोऱ्यांनी चिलखताचे भाग बंडीलाच बांधावेत. आणि गुडघ्यांभोवती पातळ घोंगडीच्या पट्ट्या गुंडाळाव्यात, म्हणजे पायांवरचे लोखंड कातडी सोलणार नाही.

घोंगडीच्या पट्ट्या! ते वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तशीच बसले. इतक्या मोठ्या लढवय्यांच्या गुडघ्यांचा कोणीतरी इतका विचार केला होता. आणि मी माझ्या एका मैत्रिणीच्या काखेचा केला नव्हता.

दुसरी युक्ती आपल्याला सांगायला नको इतकी ओळखीची आहे. कड्यांचे चिलखत सगळे खांद्यावर लोंबते. एकट्या सदऱ्याएवढ्या चिलखताचे वजनच दहा किलोच्या आसपास. म्हणून ते घालणारा माणूस कमरेला पट्टा आवळून वरचे थोडे वर ओढून घेई. निम्मे ओझे खांद्यावरून कमरेवर उतरे. पाण्याची घागर आपल्या आज्या कमरेवर घेत, ती काही केवळ ऐटीसाठी नव्हे. कंबर जे पेलते ते खांदा पेलत नाही. पुढे पत्र्याची चिलखते आली, ती कमरेशी मुद्दाम बारीक घडवत, त्यात शोभेबरोबर हाही हेतू होता. वजन कुठे आहे ह्याला किती महत्त्व, हे अलीकडे प्रयोगानेही दिसले आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी हुबेहूब बनवलेली चिलखते घालून माणसांना फिरत्या पट्ट्यावर चालवले आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालायला दुपटीहून थोडी अधिक शक्ती खर्च होत होती. आणि त्याचे एक मोठे कारण पायांवर चढवलेले लोखंड, कारण प्रत्येक पावलाला ते नव्याने उचलावे लागते. शिवाय छातीच्या पत्र्यामुळे श्वास खोल घेता येईना, तो भराभर घ्यावा लागे. आमच्या चांदबिबीची वाक्ये दुसऱ्या अंकात का तुटत होती, ते मला तेव्हा कळले.

तिसरा शत्रू उकाडा. पॅलेस्टाइनमध्ये धर्मयुद्धाला गेलेले युरोपी लढवय्ये लोखंडावरून सैल सुती झगा घालीत. तो ओळखीसाठी तर होताच, पण उन्हाने लोखंड तापू नये म्हणूनही होता. तरीही ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनच्या माळावर पाण्यावाचून त्यांची फौज तहानेने व्याकूळ होऊन कोलमडली. आणि उकाडा सोसवेना म्हणून एखाद्याने चिलखत सैल केले तर काय होई? १४६१ च्या मार्चात इंग्लंडच्या यादवीत लॉर्ड क्लिफर्ड नावाचा सरदार मारला गेला. इतिहासकार एडवर्ड हॉल लिहितो, की उष्म्यामुळे म्हणा वा दुखण्यामुळे म्हणा, त्याने गळ्याचे कवच काढले होते. आणि बाण नेमका गळ्यातच लागला.

मला ह्या साऱ्या इतिहासातून जे समजले ते एका वाक्यात सांगता येईल. जे सोसवत नाही ते अंगावर राहत नाही. आणि अंगावर न राहिलेले चिलखत कितीही भक्कम असले तरी कोणाला वाचवत नाही. सुखाने घालता येणे ही चिलखताची चैन नव्हे. ते त्याचे अर्धे बळ आहे.

हे ओळखणारे लोक जगात सगळीकडे होते. लंडनमध्ये शिंप्यांचा जो जुना संघ आहे, त्याला १३२७ साली राजाची सनद मिळाली. तो संघ शिंप्यांचा आणि 'कापडी चिलखते' करणाऱ्यांचा मिळून होता. लोखंडाखालच्या कापूस भरलेल्या, टाके घातलेल्या बंड्या शिवणे हा एक स्वतंत्र आणि मानाचा धंदा होता. १५१९ ते १५२१ ह्या काळात स्पॅनिश लोक मेक्सिको जिंकायला गेले, तेव्हा तिथले योद्धे कापूस भरलेले जाड अंगरखे घालून लढताना त्यांना दिसले. तिथल्या हवेत लोखंडापेक्षा हेच बरे म्हणून पुष्कळ स्पॅनिश शिपायांनी तेच अंगरखे अंगात चढवले.

आपल्या देशात तर कापूस घरचाच. चिलखत हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त शस्त्रास्त्रांची जी यादी दिली आहे, तीत 'चिहिलकद' असे एक नाव आहे. 'चिहिल' म्हणजे चाळीस. हिंदुस्थानी योद्धा कड्यांच्या जाळीखाली टाके घातलेला अंगरखा घाली. जाळीवर छाती, पाठ आणि दोन्ही बगला झाकणारे चार पत्रे पट्ट्यांनी बांधी, त्यांना 'चार आईना' म्हणत. चार वेगळे पत्रे असल्यामुळे कंबर वळे, वाकता येई, घोड्यावर मांड ठोकता येई. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाला भेटताना शिवाजीमहाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यातली एक गोष्ट माझ्या ध्यानात कधी आली नव्हती: ते चिलखत वस्त्राखाली दिसू नये इतके अंगासरशी बसणारे आणि मिठीत हात मोकळे राहतील इतके लवचीक असले पाहिजे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे चिलखत आणि ढाल आहे. ते पाहायला मी मुद्दाम गेले. ज्याच्या फौजेशी चांदबिबी लढली त्याचेच हे लोखंड! काचेला नाक लावून मी आतले अस्तर शोधत होते. मनात आले, जगातल्या किती संग्रहालयांत असेच आहे: लोखंड टिकते, कापूस कुजतो. ठोकणाऱ्या लोहाराचे काम काचेमागे राहते. टाके घालणाऱ्या हातांचे राहत नाही. म्हणून आपल्याला वाटते, की चिलखत म्हणजे लोखंडच. मलाही तसेच वाटले, आणि मी नुसता पत्रा ठोकला.

आता नाटकाच्या चिलखताकडे वळते. १९४४ साली लॉरेन्स ऑलिव्हिएने 'हेन्री द फिफ्थ' हा बोलपट काढला. महायुद्धाचे दिवस, धातूचा कण मिळत नव्हता. तेव्हा शेकडो शिपायांची कड्यांची चिलखते चक्क दोऱ्याने विणून घेतली आणि त्यांवर रुपेरी रंग मारला. पडद्यावर कोणाला शंकाही आली नाही. गंमत अशी, की सरदाराला यारीने घोड्यावर उतरवण्याचा खोटा प्रसंगही ह्याच बोलपटात आहे! यारीचे सोडा, पण विणकामाची बातमी वाचून मी जागची उठले. विणकाम? ते तर आपल्या मंडळात दर गुरुवारी चालते.

पण लगेच काही केले नाही. करायला लावले ते २०२० सालाने. आमची चांदबिबी पेशाने परिचारिका आहे. करोनाच्या साथीत तिला डोक्यापासून पायापर्यंत तो प्लास्टिकचा बंद पोशाख घालून तासन् तास काम करावे लागे. पाणी पिता येत नसे, नाक खाजवता येत नसे, नाकावर मुखपट्टीचे वळ उठत. एके दिवशी तिचा दूरध्वनी आला. म्हणाली, "काकू, तुमच्या पत्र्याची आठवण येते हो. तो निदान काढता तरी येत होता." दोघी हसलो. पण ठेवल्यावर मला रडू आले. ती नाटकात नव्हे, खरोखरच्या खिंडारावर उभी होती, आणि तिचे चिलखत पुन्हा एकदा सोसवेनासे होते. तसेच पाहिले तर ही तक्रार बायकांना नवी नाही. अमेरिकेसारख्या देशाच्या लष्करातसुद्धा स्त्रियांच्या बांध्याला बसेल असे गोळीरोधक जाकीट २०१२-१३ च्या सुमारास आले. तोवर त्या पुरुषी मापाचे चढवून निभावत होत्या.

२०२३ साली मंडळाने चांदबिबी पुन्हा बसवायचे ठरवले, तेव्हा मी आधी तिच्याकडे गेले. माफी मागितली आणि मापाची फीत काढली. उभे राहून, बसून, हात वर करून, वाकून अशी चार वेळा मापे घेतली. मग आम्ही सातजणींनी मिळून जे केले ते पुढे कोणाला उपयोगी पडावे म्हणून लिहून ठेवते.

कड्यांची जाळी आम्ही जाड सुती दोरीने विणली. ताग घेतला नाही, तो टोचतो. जाड सुयांवर सगळ्या ओळी सुलट, वीण सैल. विणून झाल्यावर काळ्या रंगात बुडवून वाळवली आणि रुपेरी रंग बोळ्याने फक्त वरवर फिरवला. रंग आत मुरवला तर दोरी लाकडासारखी ताठ होते. वरवर दिला तर उंचवटे चमकतात, खळगे काळे राहतात आणि हुबेहूब कड्या दिसतात. छातीचे आणि खांद्याचे पत्रे योगासनांच्या जुन्या फोमच्या चटयांचे. इस्त्रीची ऊब दाखवून त्यांना गोलाई दिली आणि रंग शोषला जाऊ नये म्हणून आधी पांढऱ्या गोंदाचे दोन हात दिले. काखेत पत्रा ठेवलाच नाही, तिथे नुसती जाळी. बगलेला शिवण न घालता नाडी ओवली, म्हणजे अंगाप्रमाणे सैल-घट्ट करता येते आणि दोन मिनिटांत उतरवता येते. कमरेला रुंद पट्टा.

आणि आतली बंडी. जुन्या मऊ सुती पातळांचे चार पदर, खांद्यावर आणि फासळ्यांवर गोधडीचे टाके, पाठीला एकेरी मलमल. अस्तराला भोके मात्र मी स्वतः पाडली, सारखी मोजून. बंडी सुटी आहे. प्रत्येक प्रयोगानंतर धुता येते. किराण्याच्या दुकानात काट्यावर टाकले तर सगळे मिळून पावणेदोन किलो भरले. आणि ह्या वेळी पहिल्या तालमीपासून तिने ते अंगात घातले. तिसऱ्या तालमीला उजवा खांदा अडला, तो उसवून सैल केला.

गोधडी घालताना आमच्यातील सर्वांत वडील आजी म्हणाल्या, "म्हणजे ही गोधडीच की ग, वर रंग दिलेली!" अगदी खरे. थंडीपासून राखणारी ती गोधडी आणि घावापासून राखणारे ते चिलखत. दोन्हींना बळ येते ते एकावर एक पदर ठेवून घातलेल्या टाक्यांनीच. लंडनच्या शिंप्यांना हे ठाऊक होते, मेक्सिकोच्या योद्ध्यांना ठाऊक होते, आणि नाव न ठेवता गेलेल्या असंख्य बायकांना तर होतेच.

प्रयोग झाला. खिंडाराच्या प्रसंगी चांदबिबी तलवार उगारून उभी राहिली, तो हात थेट वर गेला. ह्या वेळी पोरे ओरडली नाहीत. पडदा पडल्यावर मी नाडी सोडायला धावत आत गेले, तर बाईसाहेब चिलखतासकट खुर्चीत बसून चहा पीत होत्या. म्हणाल्या, "राहू दे काकू, घाई नाही."

चिलखत वरच्या फळीवर आहे. ज्या शाळेला वा मंडळाला हवे असेल त्यांनी खुशाल न्यावे. फक्त बंडी धुऊन परत करावी, आणि तालमीत घातल्याशिवाय प्रयोगात घालू नये, एवढीच विनंती.